दत्तक गाव आणि विद्यापीठाचे वेळापत्रक

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची, म्हणजे महाविद्यालयात ही योजना चालवणाऱ्या प्राध्यापकाची, कसोटी शिबिर सुरू होण्याच्या कितीतरी आधी लागते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षे काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, ही तिची चौकट आहे. अडचण अशी की, शिबिराची तारीख परीक्षांवरून ठरते आणि गावाची कामे पावसावरून.

वनराई बंधाऱ्याचेच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, त्या ओढ्यात आडव्या रचायच्या, हे काम पाऊस ओसरल्यावर ओढा वाहता असतानाच करायला हवे. शिबिरे मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात आणि तोवर अनेक गावांत ओढ्याला धारही उरलेली नसते. म्हणून बंधारा आम्ही नियमित उपक्रमांच्या तासांत, ऑक्टोबरमधल्या रविवारी घालतो आणि शिबिरासाठी सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांसारखी कामे राखून ठेवतो.

कोणते काम करायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्वेक्षणासाठी विद्यार्थी घरोघर जातात, तेव्हा ओसरीवर बसलेले पुरुष रस्ता आणि सभामंडप मागतात. एखादी विद्यार्थिनी आत चुलीपाशी जाऊन बसली, की हातपंपावरची रांग, शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात नसलेले पाणी, असे विषय निघतात. या नोंदी महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, असा माझा आग्रह असतो. सरपंच आणि गावकऱ्यांसमोर उभे राहून ‘ही माहिती चुकीची आहे’ हे ऐकून घेणे आणि पुन्हा त्या घरी जाऊन खात्री करून येणे, यातून विद्यार्थी नागरिक म्हणून जे शिकतो, ते कोणत्याही बौद्धिक सत्रात मिळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अशा कामाला पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही श्रेयांक सत्राबरोबर संपतात आणि गावाचे काम चालूच राहते, त्यामुळे जुन्या तुकडीतील स्वयंसेवकांनी नव्यांना बरोबर नेऊन त्या घरांची ओळख करून द्यावी, ही पद्धत आम्ही पाळतो. मागील ग्रामसभेत मांडलेल्या नोंदींपैकी कोणत्या मार्गी लागल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, याची यादी सध्या हेच विद्यार्थी मिळून तयार करत आहेत. पुढच्या शिबिराची कामे त्या यादीवरून ठरतील.