लीड्सला राहून जेल रोडचा ऑक्सिजन मोजताना

नाशिकचे लोक मला अजूनही विचारतात की कोविडमध्ये तुमच्याकडे यूकेत नक्की कोणतं औषध द्यायचे, आणि खरं उत्तर दिलं की कुणाला पटत नाही. घरी राहणाऱ्या बहुतेक पेशंटना काहीच देत नव्हते. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, दहा दिवस घरात बसा, बस.

मला स्वतःला जानेवारी २०२१ मध्ये झाला. ड्राइव्ह थ्रू सेंटरला गाडीच्या खिडकीतून किट हातात देतात, घशात आणि नाकात काडी आपली आपणच फिरवायची, ती नळीत टाकून बंद करून परत द्यायची, आणि मग मोबाईलवर मेसेज येतो. पॉझिटिव्ह. त्यानंतर डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, फक्त सूचना की दम लागला तर १११ ला, म्हणजे आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा आणि फारच त्रास झाला तर ९९९, म्हणजे ॲम्ब्युलन्स. आईला सांगितलं तर ती म्हणे, "अगं पण एक गोळी सुद्धा लिहून दिली नाही? कसले डॉक्टर हे?" कारण तेव्हा नाशिकला आमच्या ओळखीत ज्याला व्हायचा तो पिशवीभर औषधं घेऊन घरी यायचा, आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, फॅबिफ्लू, झिंक, व्हिटॅमिन सी, डी, आणि वर काढा वेगळाच.

या काहीच न देण्यामागे कारण होतं, ते मी तेव्हा तापात पडल्या पडल्या वाचत होते. ऑक्सफर्डच्या लोकांनी रिकव्हरी नावाची मोठी ट्रायल यूकेच्या हॉस्पिटलांमध्ये चालवली, त्यात एकेक औषध खरंच चालतं का ते बघितलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा उपयोग दिसला नाही, प्लाझ्माचा पण नाही. डेक्सामेथासोन हे अगदी स्वस्त जुनं स्टिरॉइड मात्र चाललं, १६ जून २०२० ला त्यांनी जाहीर केलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरी ह्याच वाक्यावर सगळं येऊन थांबलं.

पप्पा प्रेसमधून रिटायर झालेले, शुगर आहे, घर नाशिकरोडला जेल रोडवर. मार्चमध्ये साठच्या पुढच्यांसाठी लसीकरण सुरू झाल्यावर त्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला होता, आणि एप्रिलच्या मध्यावर ताप आला. सरकारने लॅबमध्ये जाऊन करायच्या आरटीपीसीआरचा दर ५०० रुपयांवर आणलेला होता त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता, पण रिपोर्टच दिवसेंदिवस येत नव्हता, लॅबवाल्यांचा फोन लागत नव्हता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं की ताई रिपोर्टची वाट बघू नका, ताप आला तो पहिला दिवस धरा आणि तिथून मोजायला लागा, कारण गडबड झाली तर ती बहुतेक पहिला आठवडा संपता संपता होते.

मग आईने वही केली. ताप, शुगर, ऑक्सिजन, आणि सहा मिनिटं घरातल्या घरात चालून आल्यावरचा ऑक्सिजन. तो ९३ च्या खाली गेला किंवा चालल्यावर ३ पेक्षा जास्त उतरला तर लगेच फोन. सकाळी सातची रीडिंग म्हणजे माझ्याकडे रात्रीचे अडीच, मी अलार्म लावून उठायचे आणि वहीचा फोटो बघून झोपायचे. बोटं गार असली की ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, एकदा ९० दिसला आणि आईचा आवाजच गेला, मग हात चोळून परत लावला तर ९६.

नातेवाईकांचे फोन मात्र सगळे एकच विचारायचे, स्कोर किती? म्हणजे एचआरसीटीचा, छातीच्या सिटी स्कॅनमध्ये फुफ्फुस किती बिघडलं त्याचा, पंचवीसपैकी. काका रोज म्हणायचे की सिटी करून घ्या, स्टिरॉइड चालू करा, उशीर झाला तर बेड मिळणार नाही. आणि ते काही वेड्यासारखं बोलत नव्हते, शहरात खरंच बेड मिळत नव्हते, रेमडेसिवीरच्या इंजेक्शनसाठी लोक मेडिकलबाहेर रांगा लावून उभे होते. पण डॉक्टर ठाम राहिले. ऑक्सिजन ९६ आहे तर सिटीमध्ये काही दिसलं तरी मी आत्ता वेगळं काय देणार, आणि स्टिरॉइड दिलं तर शुगर मात्र नक्की वाढेल. आठवडा संपताना ताप परत वर गेला तेव्हा त्यांनी सीआरपी आणि सीबीसी ह्या रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या आणि तरीही थांबले. दोन दिवसांनी ताप उतरला तो उतरलाच.

त्याच काळात सिन्नरचे मामा. त्यांना दुसऱ्याच दिवशी एका ठिकाणी स्टिरॉइड चालू केलेलं, ऑक्सिजन चांगला असताना, शुगर चारशेच्या वर. नवव्या दिवशी ऑक्सिजन ८८. मामेभावाने फोनवर फोन करून नाशिकमध्ये एक बेड मिळवला, तिथे ऑक्सिजन लावला, पालथं झोपवलं, इन्सुलिन सुरू केलं, आणि आता गरज होती म्हणून डेक्सामेथासोन. आणि सोबत चिठ्ठी, रेमडेसिवीरची सहा इंजेक्शनं आणा. मी भावाला पाठवलं की डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलंय की ह्याने जीव वाचतो असा पुरावा नाही. तो म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी नाही आणलं आणि पप्पांना काही झालं तर आयुष्यभर मी काय सांगू स्वतःला?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्याने रात्रभर फिरून ती आणली. मामा वाचले, बाकी सगळे म्हणतात इंजेक्शनमुळे, मला वाटतं ऑक्सिजन आणि नर्सेसमुळे.

मामा ॲडमिट असतानाच २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची टाकी गळली. २२ पेशंट गेले अशी बातमी लीड्सच्या टीव्हीवर आली. मामा दुसरीकडे होते तरी आई फोनवर नुसती रडत होती. आणि २३ तारखेला पहाटे यूकेने भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं, म्हणजे नाशिकला गेले तर परत येताना हॉटेलात दहा दिवस, १७५० पाउंड, लहान मुलगी इथे. मी गेले नाही.

मला एक गोष्ट फार वाटते ती इथे लिहिते. थांबून बघणं हा उपचारच आहे, पण बघणारं कुणीतरी रोज हवं. इथे ऑक्सिमीटर घरी पाठवून फोनवर लक्ष ठेवायची सोय एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेने केली होती, जेल रोडला ती सोय म्हणजे आईची वही आणि रात्री अकराला सुद्धा फोन उचलणारा एक डॉक्टर. ज्या घरात असं कुणी नव्हतं त्यांनी सिटी आणि इंजेक्शनं शोधली तर त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही.

लसीचा गोंधळ तर वेगळाच. इथली ॲस्ट्राझेनेका आणि पुण्यात सीरमने बनवलेली कोविशील्ड एकच लस. माझा नवरा पंचेचाळीसच्या पुढचा, त्याला ॲस्ट्राझेनेका मिळाली. मी चाळिशीच्या आतली, आणि ॲस्ट्राझेनेकानंतर क्वचित कुणाला रक्तात गुठळ्या होतात म्हणून ७ मेला इथे ठरलं की चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायची, म्हणून मला एलंड रोडच्या फुटबॉल स्टेडियमशेजारी फायझर मिळाली. हे व्हॉट्सॲपवर नाशिकला पोचलं तेव्हा आई म्हणाली, "तिकडे बंद केली आणि आम्हाला तीच टोचतात होय?" तिला आकड्यातच सांगावं लागलं. मार्चअखेर इथे ॲस्ट्राझेनेकाचे २ कोटी डोस देऊन झाले तेव्हा त्या दुर्मिळ गुठळ्या ७९ जणांना झाल्या होत्या, त्यात १९ गेले. तरुण माणसाला कोविडचा धोकाच कमी, त्यामुळे त्याच्यासाठी तेवढा धोकाही नको वाटतो. पप्पांच्या वयाला आणि शुगरला कोविड त्यापेक्षा कितीतरी पटीने वाईट. पटलं तिला, पण दुसऱ्या डोसला निघाली तेव्हा परत एकदा विचारलंच.

पप्पांचा दुसरा डोस मात्र लांबला, कारण मे महिन्यात नियम आला की कोविड होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. मग इथे यायचं म्हटलं तर कोविनच्या लसीच्या सर्टिफिकेटवर नुसतं जन्मवर्ष, यूकेला पूर्ण जन्मतारीख हवी, ते बदलून घेतलं, ११ ऑक्टोबरपासून ते चालायला लागलं. प्रत्यक्षात दोघं २०२२ च्या उन्हाळ्यात आले.

आता पप्पा विचारतात अजून एक बूस्टर घेऊ का, तुझ्याकडे देतात ना. देतात, पण २०२५ मध्ये मुख्यतः ७५ च्या पुढच्यांना, केअर होममधल्या वयस्कांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना. त्यांना म्हटलं की हे मला विचारू नका, जेल रोडच्या डॉक्टरांना विचारा, तुमची शुगर आणि तुमची वही त्यांच्याकडे आहे. त्यांनी सध्या फ्लूची लस घ्यायला सांगितलीये, आणि पप्पा ती दरवर्षी घेतात.