आईसोबत परत 'श्वास'
आज दुपारी आईसोबत परत 'श्वास' बघितला. २००४ चा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा नातवाला दवाखान्यातनं बाहेर नेतात, नजर जायच्या आत त्याला जग बघू दे म्हणून. तिथं आईनं माझा हात घट्ट धरला. ताटातल्या शेंगा तशाच राहिल्या.

लहानपणी टीव्हीवर 'श्यामची आई' लागला की आजीही मला अशीच जवळ ओढायची. त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेलं, हे मला फार नंतर कळलं. आजीच्या लुगड्याला येणारा तपकिरीचा वास मात्र अजून आठवतोय.

संध्याकाळी कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरवरनं येताना कॅमेरा स्तंभ दिसला. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं गाव हे! आई म्हणाली, "जरा थांब की." मी गाडी बाजूला घेतली. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.