बीटा म्हणजे काय ते कळतं, पण डेल्टा म्हणजे नेमकं कुठलं?

लॅम्डा कॅल्क्युलस म्हणजे फलनं लिहिण्याची आणि चालवण्याची गणिती भाषा; तिच्यातल्या नियमांना आज आपण ग्रीक अक्षरांनी ओळखतो. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मात्र नुसते क्रमांक दिले होते: पहिला नियम बद्ध (लॅम्डाने बांधलेल्या) चलाचं नाव बदलण्याचा, दुसरा फलनात किंमत भरण्याचा, तिसरा दुसऱ्याच्या उलट. पहिल्याला आज अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा.

चूक बहुतेक वेळा बीटात दिसते, पण तिचं मूळ अल्फात असतं. लॅम्डा क्ष. म म्हणजे क्ष घेऊन म देणारं फलन. आता (लॅम्डा क्ष. लॅम्डा य. क्ष) य ही राशी घ्या. आंधळेपणाने य भरला तर लॅम्डा य. य मिळतं, म्हणजे स्थिर फलनाचं एकात्म फलन (जे दिलं तेच परत देणारं) झालं! बाहेरचा मुक्त (कुठल्याही लॅम्डाने न बांधलेला) य आतल्या बंधनात अडकला. आधी आतल्या य चं नाव झ करा, मग भरा: लॅम्डा झ. य. हेच बरोबर.

ईटा सांगतो की लॅम्डा क्ष. फ क्ष म्हणजे फ, पण फ मध्ये क्ष मुक्त नसेल तरच. लॅम्डा क्ष. क्ष क्ष ला म्हणूनच ईटा लागू होत नाही. ही अट विसरू नका.

खरा घोळ डेल्टाचा. चर्च यांचा डेल्टा दोन बंदिस्त सामान्य रूपं (मुक्त चल नसलेल्या, आणखी सोप्या न होणाऱ्या राशी) एकच आहेत का, ते तपासतो. कॉक (२०२५पासून नाव रॉक) या सिद्धता-सहायकात, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मात्र डेल्टा म्हणजे नावाच्या जागी त्याची व्याख्या ठेवणं. तिथेच ‘लेट’ (राशीच्या आतच दिलेली व्याख्या) उलगडणारा झीटा, आणि रचकावर (ज्याने किंमत घडते त्यावर) ‘मॅच’, म्हणजे प्रकारानुसार निवड, चालवणारा आयोटा. त्यामुळे डेल्टा लिहिताना कुठला ते पहिल्याच ओळीत सांगावं, असं माझं ठाम मत आहे.