पीटीएच नॉर्मल आहे, तरी नॉर्मल नाही

कॅल्शियमचा रिपोर्ट आला की लोक ठळक छापलेले आकडे शोधतात. पॅराथायरॉइडच्या (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथींच्या) आजारात नेमका साध्या टायपातला आकडा बघायचा असतो, आणि तोच सुटतो.

आमच्या ओपीडीतल्या एक मावशी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). साठीच्या घरात, मुतखडा दोनदा होऊन गेलेला, अंग कायम ठणकतं, पोट साफ होत नाही. ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू. रक्तात कॅल्शियम ११.४ (चढलेलं), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ४.१, फॉस्फरस २.२ (कमी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, ५८; लॅबची रेंज १५ ते ६५.

“म्हणजे हे पीटीएच नॉर्मलच ना, मॅडम?” मुलाने विचारलं.

नाही. कॅल्शियम चढलं की पॅराथायरॉइड ग्रंथींनी गप्प बसायचं असतं. ११.४ ला पीटीएच बहुधा विसाच्या खाली दिसायला हवं. ५८ म्हणजे ग्रंथी जुमानत नाहीये. कमी झालेला फॉस्फरसही त्याचीच साक्ष देतो, कारण पीटीएच तो लघवीवाटे बाहेर काढतं. अशा वेळी चारपैकी एका ग्रंथीत साधी गाठ निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मात्र लिथियम किंवा बीपीची थायाझाइड गोळी चालू आहे का, हे आधी विचारायचं, आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही बघायचं. काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच थोडं चढं असतं, लघवीत मात्र कमी उतरतं. त्यांना ऑपरेशनची गरज नसते.

उलट ‘ड’ जीवनसत्त्व ८ (फारच कमी), कॅल्शियम ८.६, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची झीज-भर दाखवणारं एन्झाइम) वाढलेलं आणि पीटीएच १४० असेल, तर ग्रंथी बिचारी आपलं काम करतेय. तिथे ‘ड’ भरून काढायचं.

रक्तातलं बरंच कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, म्हणून अल्ब्युमिनशिवाय कॅल्शियम वाचूच नये. लिव्हरच्या पेशंटचं कॅल्शियम ८ दिसलं की घरचे घाबरतात, अल्ब्युमिन २.५ असेल तर हिशेबाने ते ९.२ भरतं. शंका राहिलीच तर आयनाइज्ड (न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम करावं.

आणि नुसत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये (हाडं ठिसूळ होण्यात) हे सगळे आकडे बहुधा नॉर्मलच येतात, त्यासाठी डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) लागतो. रक्त ठीक आलं म्हणून हाडं ठीक, असं कुणी सांगितलं की मला फार वाईट वाटतं.

जुन्या फायली मात्र जपून ठेवा, येताना घेऊन या. चार वर्षांपूर्वीही कॅल्शियम १०.९ होतं हे दिसलं, तर कॅन्सरची शंका बरीच मागे पडते. कॅन्सरमुळे वाढलेलं कॅल्शियम सहसा इतकी वर्षं एका जागी थांबत नाही, आणि त्यात पीटीएचही दबलेलं असतं.