तुम्ही विचारलंत म्हणून: आपली पत्रिका असताना ग्रीक कशाला?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. लग्नात शेजारच्या पाटावर बसलेल्या बाई विचारतात, जुने विद्यार्थी फोनवर विचारतात. "प्राचीन ग्रीक ज्योतिष शिकताय म्हणे? आपल्याकडे एवढं पराशर-वराहमिहिरांचं असताना ते कशाला?" मग थोडं थांबून दुसरा प्रश्न: "आणि शिकायचंच म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?" उभ्याउभ्या याचं नीट उत्तर होत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

माझे आजोबा वाईला पत्रिका करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून मी पाटीवर कुंडली आखायला शिकले. आधी चौकोन, मग दोन कर्ण, मग बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे, की झाली बारा घरं. त्यातलं पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही केंद्रस्थानं. केंद्र का म्हणायचं, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले, "बघ की, मधली चार घरं आहेत ना!" आपल्या आकृतीत ती खरोखरच मधोमध येतात, त्यामुळे मला पटलं. पणफर आणि आपोक्लिम या शब्दांचा अर्थ मात्र त्यांनाही सांगता आला नाही. "शास्त्रातले शब्द आहेत, पाठ कर," म्हणाले. मी पाठ केले.

पुढे नोकरीमुळे काही वर्षं म्हैसूरला होते. तिथली कुंडली कडेकडेने बारा चौकोनांची, मध्य मोकळा. केंद्रस्थानं कडेला गेली आणि आजोबांचं उत्तर तिथे लागू पडेना. हा खडा बरीच वर्षं बोचत राहिला. तो निघाला ग्रीक अक्षरं शिकायला घेतल्यावर.

ग्रीकमध्ये 'केंत्रॉन' म्हणजे टोचणारं टोक. आपली पराणी असते ना, बैलाला डिवचायची, तिलाही तोच शब्द. वर्तुळ काढताना कंपासचं जे टोक कागदात रोवतात तेही केंत्रॉन, आणि त्यावरूनच भूमितीतलं केंद्र आलं. ज्योतिषात ही चार स्थानं म्हणजे आकाशाच्या चार खुंट्या: पूर्व क्षितिज, डोक्यावरचं मध्यान्ह, पश्चिम क्षितिज आणि पायाखालचा तळ. तिथे आलेला ग्रह जोर धरतो, कामाला लागतो, असं ते मानत. खुंटीच्या पाठोपाठ वर चढून येणारं घर 'एपानाफोरा', त्याचं आपल्याकडे पणफर झालं. खुंटीवरून कलून घसरलेलं घर 'आपोक्लिमा', ते आपोक्लिम. त्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. पूर्वेला एक तारा नुकता उगवला होता, त्याच्या खालची रास अजून क्षितिजाआड होती आणि आधी उगवलेली रास वर सरकत होती. चाळीस वर्षं पाठ म्हटलेले तीन शब्द समोर आकाशात फिरत होते.

तेव्हा 'आपल्याकडे असताना कशाला' याचं माझं उत्तर असं, की आपल्याकडचं वाचायचं म्हणूनच. वराहमिहिराने बृहज्जातकात राशींची दुसरी नावं दिली आहेत: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. ही ग्रीक क्रिओस, ताउरोस, दिदिमोई, लेओन, पार्थेनोस, झिगोन, स्कोर्पिओस यांचीच संस्कृत रूपं आहेत. सूर्याला हेलि, मंगळाला आर, शनीला कोण आणि शुक्राला आस्फुजित् म्हटलंय. त्यामागे हेलिओस, आरेस, क्रोनोस आणि आफ्रोदिती. होरा, म्हणजे तास, हा शब्दही त्यांचाच. 'अहोरात्र'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला असं काही जण मानतात, अशी नोंद वराहमिहिराने केली आहे. म्हणजे त्याच्या काळीही या शब्दाचं मूळ लोक शोधत होते. यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, ऋण त्याने लपवलं मात्र नाही. बृहत्संहितेतला श्लोक स्पष्ट आहे: "म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्। ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते..." यवनांजवळ हे शास्त्र नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान. हे वाचून मला अभिमानच वाटतो. आपल्याकडेही शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या यवनसंबंधाचा मराठीतून ऊहापोह केलेला आहे.

मला सगळ्यात आवडतो तो 'जामित्र'. विवाहमुहूर्त काढताना सप्तमस्थानाला जामित्र म्हणतात. हा ग्रीक 'दिआमेत्रॉन', म्हणजे व्यास, पत्रिकेतल्या लग्नाच्या, म्हणजे पूर्वेला उगवत्या राशीच्या, थेट समोरचं स्थान. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या लग्नाची तिथी 'जामित्रगुणान्वित' सांगितली आहे. हिमालयाच्या घरच्या लग्नात एक ग्रीक शब्द इतका सहज वावरतो!

शिवाय हे ज्ञान आपल्याकडे दोन दारांनी आलं. पहिलं दार यवनजातकाचं, म्हणजे ग्रीक ज्योतिष सांगणाऱ्या संस्कृत ग्रंथाचं. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ साली ते संपादित करून छापलं आणि त्याचा काळ इ.स. २६९-७० ठरवला, बिल मॅक यांनी २०१३ साली नेपाळातल्या हस्तलिखिताच्या आधारे त्या कालनिर्णयावर शंका घेतली. दुसरं दार ताजिकाचं, म्हणजे वर्षावर्षाचं फळ काढायच्या पद्धतीचं. ग्रीकमधून पहलवी (जुनी इराणी भाषा) आणि अरबी, तिथून पुन्हा संस्कृत. वर्षफळ करणाऱ्यांना मुंथा माहीत असते, दर वाढदिवसाला एक रास पुढे सरकणारी. ग्रीक ग्रंथांत हीच रीत आहे. ग्रीक 'सिनाफे', म्हणजे ग्रहांचा जोड, पहिल्या दाराने आला तो सुनफा झाला आणि दुसऱ्या दाराने अरबी होऊन आला तो इत्थशाल. आपले ज्योतिषी दोन्ही शब्द वापरतात, पण ही सख्खी भावंडं आहेत याची ओळख बहुतेकांना नसते.

आता शिकायचं कसं. टॉलेमीपासून सुरुवात करू नका, असं मी सांगते. अलेक्झांड्रियाच्या या पंडिताचं 'टेट्राबिब्लोस' आखीवरेखीव आहे, १९४० पासून ग्रीक आणि इंग्रजी समोरासमोर छापलेलं मिळतं, पण त्यात उदाहरण म्हणून एकही कुंडली नाही. त्याच्याच शतकातला अंतिओकचा वेत्तिउस वालेन्स घ्या. त्याच्या 'अँथॉलॉजी'चे नऊ भाग विस्कळीत आहेत, तो मधेच तक्रारी करतो, पण शंभराहून जास्त कुंडल्या सोडवून दाखवतो. विद्येच्या शोधात तो इजिप्तला गेला, तिथे पैसे उकळून काही न शिकवणारे गुरू भेटले, आणि म्हणून आपण हातचं न राखता लिहितोय, असं सांगतो. मार्क रायली यांचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत आहे. ते शेजारी ठेवा, पण कुंडल्या हाताने मांडा. दिवसाला एकच. सॉफ्टवेअर नंतर, पडताळणीपुरतं. आणि तेव्हाही वालेन्सचे अंश आजच्या सायन गणिताहून, म्हणजे वसंतसंपातापासून मेष मोजणाऱ्या गणिताहून, काही अंशांनी पुढे दिसतील, कारण त्याने वसंतसंपात मेषेच्या आरंभाला धरलेला नाही. राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावरच्या टिळक पंचांग आणि चित्रापक्ष यांच्या वादात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हाताने मांडल्याने काय होतं ते माझ्याच चुकीवरून सांगते. ग्रीकांचा एक बिंदू आहे, 'क्लेरॉस तिखेस', दैवाचा वाटा. क्लेरॉस म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेला तुकडा, विशेषतः जमिनीचा. दिवसाचा जन्म असेल तर सूर्यापासून चंद्रापर्यंतचं अंतर मोजायचं आणि तेवढंच लग्नापासून पुढे जायचं. रात्रीचा असेल तर चंद्रापासून सूर्यापर्यंत. समजा सूर्य मेषेत १० अंशांवर, चंद्र कर्केत २५ वर, लग्न सिंहेचे ५ अंश. सूर्य नवव्या स्थानी, क्षितिजाच्या वर, म्हणजे दिवस. अंतर १०५ अंश, ते सिंहेच्या ५ अंशांत मिळवले की वृश्चिकेचे २० अंश. सोपं आहे. पण वालेन्सच्या कुंडल्यांत माझं उत्तर कधी जुळायचं, कधी एक पूर्ण रास पुढे जायचं. आठवडाभर मी बेरजा तपासत होते. मग लक्षात आलं, की माझा हात आजोबांच्या वर्षफळाच्या सवयीने चालतोय. आपलं पुण्यसहम म्हणजे हाच दैवाचा वाटा, पण ताजिकनीलकंठीत एक जादा कलम आहे: त्या दोन ग्रहांच्या मधे लग्न नसेल तर एक रास मिळवा. वरच्या उदाहरणात तसं केलं तर उत्तर धनू २० येतं. ग्रीकांकडे हे कलम नाही. कुठेतरी वाटेत ते चिकटलं आणि नीलकंठाने १५८७ साली ग्रंथ केला तोवर नियम होऊन बसलं होतं. नुसतं वाचून गेले असते तर पुण्यसहम आणि क्लेरॉस एकच, असं समजून पुढे गेले असते.

विश्वास आहे का, हेही विचारतातच. मी कोणाचं भविष्य सांगत नाही. २००८ साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी मुलं हुशार, निम्मी गतिमंद. कोण कोणतं ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. तो निकाल मला मान्य आहे. पण माणसांनी दीडदोन हजार वर्षं ज्या भाषेत आपली भीती आणि आशा मांडली, ती भाषा शिकणं मला मोलाचं वाटतं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून पपायरसवरच्या कुंडल्या निघाल्या. चिटोऱ्यावर जन्मवेळ, मग रवी, चंद्र आणि ग्रह कोणत्या राशीत, एवढंच. बहुतेकांवर फलित नाहीच. अगदी आपलं जन्मटिपण. आजोबांच्या ट्रंकेत असे चतकोर कागद शेकड्यांनी होते, वर 'श्री' आणि खाली घटी-पळं. एका बाळंतिणीच्या घरून कोणीतरी धावत येऊन सांगितलेली वेळ त्यांनी तशीच उतरवून घेतलेली असायची.

सध्या मी 'अँथॉलॉजी'च्या सातव्या भागात आहे. वालेन्स सहा जणांच्या कुंडल्या शेजारीशेजारी मांडतो. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेले हे सहा जण इ.स. १५४ मध्ये एकाच जहाजावर होते, वादळात सापडले आणि वाचले. सहा पत्रिकांत एकच संकट कसं दिसतं ते त्याला दाखवायचंय. त्यातली इ.स. १२०च्या फेब्रुवारीतली कुंडली त्याची स्वतःचीच असावी असं अभ्यासक मानतात, कारण तीच तो ग्रंथभर पुन्हापुन्हा वापरतो. तो मात्र कुठे 'मी' म्हणत नाही. चार कुंडल्या माझ्या मांडून झाल्या आहेत. पाचवीतला चंद्र अजून जुळत नाही, उद्या सकाळी परत बसणार आहे. ज्यांना खरंच सुरुवात करायचीय त्यांनी या, पाटी माझ्याकडे आहे.