मोंटगोमरीत जॉर्जिया गिलमोरच्या घरापर्यंत

अटलांटाहून आय-८५ हायवे पकडला की साधारण अडीच तासात अलाबामा राज्याची राजधानी मोंटगोमरी येतं. अटलांटातले आपले बरेच मराठी लोक फ्लोरिडाच्या बीचवर जाताना याच शहरावरून पुढे जातात, पेट्रोल भरतात आणि निघतात. माझं मनापासून सांगणं आहे की एकदा तरी इथे गाडी लावून पायी फिरा.

डाउनटाउनला कोर्ट स्क्वेअर म्हणून चौक आहे, मधोमध जुनं कारंजं. इथे एकेकाळी माणसांचे लिलाव व्हायचे. याच चौकातून १ डिसेंबर १९५५ ला संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या होत्या. गोऱ्या माणसासाठी सीट सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली, आणि शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तोच मोंटगोमरीचा बॉयकॉट. तिथून डेक्स्टर अव्हेन्यूने वर बघितलं की टोकाला पांढऱ्या घुमटाचं कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन दिसतं, जिथे १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, आणि त्याच्या एक ब्लॉक अलीकडे लाल विटांचं छोटंसं चर्च, बॉयकॉटचे पुढारी मार्टिन लुथर किंग यांचं, ते तिथे पाद्री होते. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात! एवढा इतिहास एका रस्त्यावर मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

किंग राहायचे ते घर साउथ जॅक्सन स्ट्रीटवर आहे. ३० जानेवारी १९५६ ला याच व्हरांड्यात बॉम्ब फुटला तेव्हा त्यांची बायको कोरेटा आणि तान्ही मुलगी आत होत्या. किचन अगदी साधं, चार माणसं उभी राहिली तर भरून जाईल एवढं. त्याच जानेवारीत एका रात्री धमकीचा फोन आल्यावर किंग याच किचनमध्ये कॉफी घेऊन एकटे बसले होते आणि आता आपल्याच्याने हे होणार नाही असं त्यांना वाटत होतं. वय किती, तर २७ वर्षं. शहरात येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्याच घराबद्दल. तिथून जवळच डेरिकोट स्ट्रीटवर जॉर्जिया गिलमोर यांचं घर आहे, बाहेर माहितीची पाटी आहे. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होते. जॉर्जियाबाई स्वयंपाकीण होत्या, सुईणीचं कामही करायच्या, पदरी सहा मुलं. तेव्हा बसचा नियम असा की काळ्या माणसाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने परत चढायचं. बॉयकॉटच्या थोडे दिवस आधी त्यांनी पैसे दिले, उतरल्या, आणि ड्रायव्हर बस घेऊन निघून गेला. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की परत बसमध्ये बसायचं नाही.

बॉयकॉट ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो लोकांना कामावर पोचवायचं म्हणजे गाड्या लागतात, पेट्रोल लागतं, पैसा लागतो. शेकडो गाड्यांची कारपूल उभी केली, पण पैसा कुठून आणायचा? जॉर्जियाबाईंनी बायका जमवल्या, त्यातल्या कित्येक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला, नाव फुटलं तर नोकरी गेलीच, म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे पैसा कुठून आला विचारलं तर कुठूनच नाही. चिकन, केक, पाय (pie, एक भाजलेला पदार्थ) घरी करायचे, विकायचे, आणि बॉयकॉटच्या सभेत येऊन जमलेली रक्कम सांगायची. मार्च १९५६ मध्ये बॉयकॉट चालवल्याबद्दल किंगवर खटला झाला तेव्हा त्यांनी कोर्टात उभं राहून बसवाल्याची हकीकत सांगितली आणि त्यांची नोकरी गेली. मग किंगच्याच सांगण्यावरून घरी खानावळ सुरू केली, आणि त्याच टेबलावर चळवळीच्या मीटिंगा व्हायला लागल्या.

याला नेतृत्व नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? बॉयकॉटची पत्रकं काढणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, पार्क्सना अटक झाली त्याच रात्री जागून त्यांनी हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली, तेव्हा किंग अजून चित्रातही नव्हते. आणि ज्या केसमुळे बसमधला भेदभाव शेवटी सुप्रीम कोर्टात बेकायदा ठरला, ती चार बायकांची होती, त्यातली क्लॉडेट कोल्व्हिन फक्त पंधरा वर्षांची असताना सीट सोडली नाही म्हणून पार्क्सच्या नऊ महिने आधी पकडली गेली होती. आपण मात्र पोस्टरवर एकच चेहरा लावतो.

बसनंतरही जॉर्जियाबाई थांबल्या नाहीत. ओक पार्कमधून जाताना त्यांच्या मुलाला पोलिसांनी मारलं, कारण पार्क फक्त गोऱ्यांसाठी. १९५८ मध्ये त्यांनी शहरावर केस केली. शहराने काय केलं, तर सगळी पार्क्स बंद केली, पोहायचा तलाव बुजवला, पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकून टाकले. काळ्या मुलांबरोबर पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये! १९६५ पर्यंत पार्क्स बंद होती. आज ओक पार्कमध्ये छान हिरवळ आहे, पोरं खेळत असतात.

आणि पार्कजवळूनच गाड्यांचा जो सतत आवाज येतो तो आय-८५ चा. हा हायवे काळ्यांच्या वस्तीतून नेला गेला, आणि तेव्हाचे हायवे खात्याचे प्रमुख सॅम एंगलहार्ट हे व्हाइट सिटिझन्स कौन्सिलचे, म्हणजे वर्णभेद टिकवायला झटणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते. घरं गेली, दुकानं गेली, आणि अमेरिकेत सामान्य कुटुंबाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घरच. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) सर्व्हेत मधल्या, म्हणजे मीडियन गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि काळ्या कुटुंबाची ४५ हजाराच्या आत. हे आळशीपणामुळे झालं असं म्हणणारे आपलेही लोक मी ऐकलेत, त्यांना मी इथे नक्की घेऊन येईन.

आम्हा नागपूरकरांसाठी अजून एक गोष्ट. जेम्स लॉसन नावाचा तरुण काळा मिशनरी तेव्हा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता, गांधींचा अभ्यास करत. मोंटगोमरीच्या बॉयकॉटची बातमी त्याने नागपूरच्याच पेपरात वाचली, आणि परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये पोरापोरींना ट्रेनिंग दिलं, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलांत मार खाऊनही हात न उचलता कसं बसून राहायचं याचं. पुढे चळवळीचे पुढारी झालेले डायन नॅश, जॉन लुइस त्याच वर्गातले. हिस्लॉपमध्ये आज शिकणाऱ्या किती जणांना हे माहिती असेल? तिथल्या मास्तरांपैकी कोणी हे वाचत असेल तर प्लीज एक तास यासाठी ठेवा, आणि त्यात जॉर्जियाबाईंचंही नाव घ्या.