भोंगा, चूल आणि सिनेक्डकी

भाचीची बारावी आहे. त्यामुळे भावाच्या घरी टीव्हीवर चादर पडलीय आणि दिवसरात्र सिनेक्डकी चालू आहे. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा वहिनीला वाटलं, डॉक्टरनं पोरीला नवी गोळी दिली. "जेवायच्या आधी का नंतर गं?" असं तिनं खरोखर विचारलं.

परवा शेंगाचटणीचा डबा द्यायला गेले, तर भाचीनं वही माझ्या हातात कोंबली. "आत्या, विचार की." डाव्या बाजूला इंग्रजी अलंकारांची नावं, उजव्या बाजूला व्याख्या. मेटॉनमी, लायटोटीज, झ्यूग्मा, अपॉस्ट्रफी. मी विचारत गेले, ती रामरक्षा म्हणावी तशी धडाधड म्हणत गेली. तिला नावं ठेवायला मला जागा नाही. आम्हीही 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा लिहीत होतो. आणि अपन्हुती हे तरी अलंकाराचं नाव कुठं वाटतं? पावसाळ्यात अंगावर उठणारं काहीतरी वाटतं.

पण सिनेक्डकीचं उदाहरण विचारल्यावर ती म्हणाली, "ऑल हँड्स ऑन डेक." जहाजावरच्या सगळ्यांनी कामाला लागा. हात म्हणायचं आणि अख्खा माणूस समजायचा. उदाहरण बरोबर आहे, पण ज्या पोरीनं जन्मात जहाज पाहिलेलं नाही, तिनं सोलापुरात बसून डेकवरचे हात का मोजावेत?

कोपऱ्यात कॉटवर अप्पा पडले होते. वय त्र्याऐंशी, शिक्षण सातवी, आणि सगळी नोकरी मिलमध्ये मागावर. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात.

"हँड म्हंजे हात ना?"

"हो आजोबा. म्हणजे माणूस. इंग्रजीत मिलमधल्या कामगाराला पण मिलहँड म्हणतात."

"हात तेवढे घेतले कामाला. मग पोट कुणाकडं ठेवून यायचं?"

भाचीला हसू आलं. मला आलं नाही. मालक हात मोजतो आणि आई तोंडं मोजते, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. आमची आई म्हणायचीच, "आठ तोंडं आहेत घरात, दोन शेर ज्वारी कुठं पुरतीय?" शब्द निराळे, अलंकार तोच. फरक एवढाच की हात म्हटलं की माणूस कामाला लागतो आणि तोंड म्हटलं की जेवायला बसतो.

मग वही बाजूला पडली. मेटॉनमी म्हणजे एखाद्या गोष्टीला तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्याच वस्तूचं नाव द्यायचं. इंग्रज राजाला 'क्राउन' म्हणतात. आमच्याकडे मुकुट नव्हता, भोंगा होता. इथली जुनी मिल १८७७ची, पुढे आणखी मिला आल्या, आणि सगळं गाव भोंग्यावर चालायचं. घड्याळ फक्त पैसेवाल्यांच्या घरी. 'भोंगा झाला' म्हणजे पाळी सुटली, चहा टाका, पोरांना हाक मारा. दुसरी मेटॉनमी चुलीची. 'त्यांची चूल वेगळी झाली' एवढं म्हटलं की भांडण, वाटणी, मधली भिंत आणि दोन सुनांचं तोंड फिरवणं सगळं त्यात आलं. चूल बिचारी तिथंच असते.

भाचीची तक्रार मात्र रास्त होती. "नावंच का इतकी घाण ठेवलीत?" तर ती ग्रीक आहेत, आणि खुद्द इंग्रजांनाही ती जडच जायची. १५८९ साली लंडनमध्ये 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी' नावाचं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, आता ते जॉर्ज पटनमचं मानतात. या गृहस्थानं एकेका ग्रीक नावाला घरगुती इंग्रजी नाव देऊन टाकलं. आयरनीला 'ड्राय मॉक', म्हणजे कोरडी चेष्टा. सार्कॅझमला 'बिटर टाँट', कडू टोमणा. हायपरबलीला, म्हणजे अतिशयोक्तीला, तर चक्क 'लाऊड लायर'. मोठ्यानं खोटं बोलणारा! नावं काही टिकली नाहीत, पोरं अजून हायपरबलीच घोकतात. पण मला हा माणूस फार आवडतो. आपल्या चौकात बसला असता तर सहज खपून गेला असता.

मग आम्हीही बारशी करत सुटलो. हायपरबली झाली 'थापाड्या'. त्याला उदाहरण शोधायला लागत नाही, एप्रिलमध्ये कुणालाही ऊन विचारा. "गच्चीवर पापड वाळत घातला, भाजूनच खाली आणला ओ." लायटोटीज म्हणजे उलट्या शब्दाला नकार लावून होकार द्यायचा. त्याला मी नाव दिलं 'सासूची शाबासकी'. माझ्या सासूबाईंनी एकोणतीस वर्षांत माझ्या आमटीला चांगलं म्हटलं नाही. "वाईट नाही झाली" म्हणायच्या आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं करायच्या. अपॉस्ट्रफी म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी किंवा निर्जीव वस्तूशी थेट बोलणं. ती झाली 'नळाशी गप्पा', कारण आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि पहाटे वहिनी तोटीसमोर घागर धरून म्हणत असते, "ये रे बाबा, आता तरी ये." कवीनं वाऱ्याला हाक मारली की पानभर रसग्रहण होतं.

युफेमिझम म्हणजे नकोशी गोष्ट बऱ्या शब्दांत सांगणं. त्याला नाव द्यायची गरज पडली नाही, आपण तो अलंकार रोज पोळपाटावर लाटतो. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. जातो नाही, येतो. मिल तेवढी बंद पडली. तिला 'वाढवली' कुणी म्हटलं नाही.

झ्यूग्मावर मात्र मी तासभर अडकले. एकाच क्रियापदाला दोन भलत्याच गोष्टी जुंपायच्या. मराठीत 'खाणे' असताना याचं काय कौतुक? भाचीनं लगेच रचलं, "बाबांनी लहानपणी सकाळी भाकरी खाल्ली, दुपारी मार खाल्ला, आता ऑफिसात भाव आणि घरी आमचं डोकं खातात." भाऊ आतून ओरडला, "काय करलालाव ओ तुम्ही?" पण खरी मजा नावातच आहे. झ्यूग्मा म्हणजे ग्रीकमध्ये जुंपणं. तोच मूळ धातू संस्कृत 'युग'मध्ये, इंग्रजी 'योक'मध्ये, आणि बैलाच्या मानेवर असतं त्या आपल्या 'जू'मध्येही. एवढा लांबचा पाहुणा म्हणून त्याला ओट्यावर बसवून ठेवलं होतं, तो निघाला चुलतभाऊ.

घर पूर्व भागात, त्यामुळे या सगळ्या गप्पा शेजारच्या यंत्रमागांच्या खटखटीवर चढ्या आवाजात चालल्या होत्या. 'खटखट' हा आवाजावरूनच बनलेला शब्द, म्हणजे ऑनोमॅटोपिया, हे भाचीनं न विचारता सांगितलं. मग मीही माझं ज्ञान पाजळलं. टेक्स्ट आणि टेक्स्टाइल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आलेत, अर्थ विणणं.

अप्पांनी डोळे उघडले. "म्हंजे तुझं टेक्स्टबुक ही चादरच की. पांघरून झोप."

ती रात्री तेच करते, हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

अप्पांचा परत डोळा लागला. भाची नवी उदाहरणं वहीत उतरवत होती. पेपर तपासणाऱ्याला नळ चालेल का, म्हणून शेजारी कंसात एखादं जहाजही ठेवत होती. चार वाजायच्या सुमाराला लाइट गेली. गल्लीतले माग एकदम थांबले आणि इतकं सुनं झालं की रस्त्यावरची सायकल ऐकू आली. त्या शांततेनं अप्पा दचकून उठले, पाय खाली सोडले आणि चप्पल चाचपत म्हणाले, "भोंगा झाला का?"

भाचीनं वहीतून मान वर केली नाही. "मेटॉनमी," ती म्हणाली.